परदेशी नागरिकांचा नवा कायदा : कोल्हापुरातून वारंवार येणारे प्रश्न

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा देशभर लागू झाला. तेव्हापासून अंबाबाईच्या देवळाभोवतीचे लॉजवाले, अमेरिकेत मुलं असलेले आईवडील, विद्यापीठातले विद्यार्थी, शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कामगार पुरवणारे कंत्राटदार असे सगळे विचारतात. फोनवर, कोर्टाच्या आवारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एका ठिकाणी लिहून ठेवले. मी वकिली करतो. या कायद्याबद्दल माझी ठाम मतं आहेत. जिथं मत आहे तिथं ते मत म्हणूनच लिहिलं आहे.

१. हा कायदा नेमका कुठला? सीएए म्हणतात तोच का?

नाही, दोन्ही वेगळे. सीएए हा नागरिकत्व कायद्यातला २०१९ चा बदल. कुणाला भारताचं नागरिकत्व मिळेल, हा त्याचा मुख्य विषय. २०२५ चा ‘इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा’ नागरिकत्व देत नाही आणि काढूनही घेत नाही. परदेशी माणसानं देशात यायचं कसं, राहायचं कसं, नोंद कुठं करायची, जायचं कधी आणि यातलं काही चुकलं तर शिक्षा काय, हे तो सांगतो. दोघांची गाठ एका ठिकाणी पडते, ती शेवटच्या प्रश्नात आहे.

२. इतकी वर्षं कायदा नव्हता का? मग नवा कशाला?

होता, एक नव्हे चार होते. १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि २००० चा विमान-जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा कायदा. यातले पहिले तीन स्वातंत्र्याच्या आधीचे. चौघांत एकमेकांवर चढलेली कलमं होती. ते रद्द करून एकच कायदा करायचा, हे सरकारचं म्हणणं, आणि एवढ्यापुरतं ते मला पटतं. एकाच माणसाच्या एकाच चुकीसाठी दोन जुने कायदे उघडून बसायची वेळ माझ्यावरही आली आहे.

३. मग संसदेत एवढा वाद कशावरून झाला?

चार कायद्यांचा एक केला, याला कुणाचा फारसा विरोध नव्हता. त्या एका कायद्यात काय भरलं आणि काय गाळलं, यावर वाद झाला.

विधेयक ११ मार्च २०२५ ला गृह राज्यमंत्री नित्यानंद राय यांनी लोकसभेत मांडलं. २७ मार्चला ते लोकसभेत मंजूर झालं, २ एप्रिलला राज्यसभेत, आणि ४ एप्रिलला राष्ट्रपतींची सही झाली. मांडल्यापासून सहीपर्यंत महिनाही लागला नाही. विधेयक संसदीय समितीकडे पाठवा, ही विरोधकांची मुख्य मागणी होती. ती मान्य झाली नाही.

गृहमंत्री अमित शहा यांची मांडणी सरळ होती : पर्यटक, विद्यार्थी, व्यापारी, उपचारासाठी येणारे यांचं स्वागत आहे, पण देश म्हणजे धर्मशाळा नव्हे, वाईट हेतूनं येणाऱ्याला दार बंद. बांगलादेश सीमेवरचं सुमारे ४५० किलोमीटर कुंपण पश्चिम बंगाल सरकार जमीन देत नसल्यानं रखडलंय, असा आरोपही त्यांनी त्याच भाषणात केला. तिथून चर्चा कायद्याच्या कलमांवरून बंगालच्या राजकारणाकडे वळली.

विरोधी बाजूनं काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी मूलभूत हक्कांचा मुद्दा मांडला. सत्तेतल्या विचारांशी जो सहमत नाही, अशा परदेशी पाहुण्याला विमानतळावरूनच परत पाठवायला हा कायदा वापरला जाऊ शकतो, अशी त्यांची भीती. इमिग्रेशन अधिकाऱ्याच्या निर्णयावर अपील नाही, ही दुसरी तक्रार (प्रश्न १४ पाहा). कॉलेज आणि दवाखान्यांना परदेशी माणसाची खबर द्यायची सक्ती, ही तिसरी (प्रश्न ११).

माझं मत : देशाला आपली सीमा सांभाळायचा पूर्ण हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९५५ मध्येच, हान्स म्युलर खटल्यात, परदेशी माणसाला घालवून देण्याचा सरकारचा अधिकार निर्विवाद मानला. पण अधिकार जेवढा मोठा, तेवढीच चूक दुरुस्त करायची सोयही मोठी हवी. ती सोय या कायद्यात नाही आणि समितीत महिना-दोन महिने चर्चा झाली असती तर कदाचित आली असती.

४. आमच्या खासदारांनी कुठल्या बाजूनं मत दिलं?

सांगता येत नाही, कारण दोन्ही सभागृहांत आवाजी मतदान झालं. ‘हो’ आणि ‘नाही’चा आवाज ऐकून निकाल जाहीर होतो, नावं नोंदली जात नाहीत. त्यामुळे अमक्यानं बाजूनं मत दिलं, तमक्यानं विरोधात, असे मेसेज व्हॉट्सअपवर आले तर पुढं पाठवू नका.

५. ‘परदेशी’ म्हणजे कोण? बिहारी, ओडिया, बंगाली कामगार यात येतात का?

अजिबात नाही. जो भारताचा नागरिक नाही तो परदेशी, एवढीच कायद्याची व्याख्या. इचलकरंजीच्या मागावर काम करणारा बिहारी, फाउंड्रीत साचे ओतणारा ओडिया, सोन्याच्या दुकानामागं कारागिरी करणारा बंगाली हे सगळे तुमच्या-माझ्याइतकेच भारतीय. देशात कुठंही राहायचा आणि काम करायचा हक्क त्यांना संविधानाच्या कलम १९ नं दिला आहे. बीडहून ऊसतोडीला येणाऱ्या टोळीला जो नियम, तोच मुर्शिदाबादहून येणाऱ्या गवंड्याला.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्याकडं ‘परका’ हा शब्द फार सैल वापरला जातो. परगावचा तो परका, परप्रांतातला तो परका आणि परदेशातला तोही परकाच. बोलण्यात चालतं, कायद्यात चालत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशाच्या हद्दीत ढकललं गेलं. ते भारतीय आहेत हे स्पष्ट झाल्यावर त्यांना परत आणावं लागलं. बंगाली दोन्हीकडं बोलली जाते. बोलीवरून देश ठरवायचा म्हटलं, तर निपाणी-बेळगावचा मराठी माणूस कुठला ठरवणार?

६. आमच्या भागात काही लोक बांगलादेशी असल्याचा संशय आहे. मंडळाच्या पोरांनी कागद तपासले तर चालेल का?

नाही. कागद मागायचा, घरात शिरायचा, कुणाला अडवून ठेवायचा अधिकार मंडळाला, सोसायटीला, पक्षाच्या कार्यकर्त्याला किंवा घरमालकाच्या मेव्हण्याला नाही. वॉरंटशिवाय अटक करायचा अधिकार या कायद्यानं पोलिसांना दिला आहे, तोही हवालदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या. संशय असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि थांबा. कुणाला धमकावलंत किंवा कोंडून ठेवलंत तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल, आणि तेव्हा ‘देशासाठी केलं’ हा बचाव कोर्टात टिकत नाही.

घरमालकानं भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची, तो वेगळा विषय. ती जरूर द्या, आणि सगळ्याच भाडेकरूंची द्या. फक्त ठरावीक नावांच्या माणसांची नको.

७. आधार कार्ड, पॅन, मतदार ओळखपत्र असलं म्हणजे माणूस भारतीयच ना?

नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्याच कलम ९ मध्ये लिहिलं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही ठाण्याच्या एका प्रकरणात सांगितलं की आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र नुसतं जवळ असल्यानं कुणी नागरिक ठरत नाही.

मग ठरतं कशानं? बहुतेकांचं जन्मानं. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक, आईवडील कोणीही असोत. अपवाद फक्त परदेशी राजदूतांची मुलं यांसारखे. १ जुलै १९८७ पासून आईवडिलांपैकी एक जण नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासूनच्या जन्मांना आणखी एक अट : एक जण नागरिक हवाच, आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणून जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचे जुने कागद, सातबारा आणि जुन्या मतदार यादीतलं नाव हे एकत्र जपून ठेवा. गावाकडं ट्रंकेत पडलेले असतील तर त्यांचे फोटो काढून फोनमध्ये ठेवा. बाहेरगावच्या कामगारांना मी हेच सांगतो, आणि कंत्राटदारांनाही.

८. पोलिसांनी ‘तू परदेशी आहेस’ म्हटलं, तर नसल्याचं मी सिद्ध करायचं? हे उलटं नाही का?

उलटं आहे, पण कायदा तसाच आहे. नेहमीच्या गुन्ह्यात आरोप करणारा पुरावा देतो. इथं मात्र ‘मी परदेशी नाही’ हे दाखवायची जबाबदारी त्या माणसावर आहे. १९४६ च्या कायद्याचं कलम ९ हेच सांगायचं, नव्या कायद्यात ते कलम १६ झालं. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सर्वानंद सोनोवाल खटल्यात ही तरतूद योग्य ठरवली.

यापुढचा भाग लोकांना माहीत नसतो, आणि तोच महत्त्वाचा आहे. जुलै २०२४ मध्ये, आसामच्या रहीम अली प्रकरणात, त्याच सर्वोच्च न्यायालयानं मर्यादा घातली. कुणाचंही दार ठोठावून ‘आम्हाला तुझा संशय आहे, आता सिद्ध कर’ असं म्हणता येत नाही. संशयाला आधी काहीतरी आधार लागतो आणि तो आधार त्या माणसाला दाखवावा लागतो. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा तारखेत बारीकसा फरक आहे, एवढ्यावर माणूस परदेशी ठरत नाही. निकाल जुन्या कलमावरचा आहे, पण नव्या कलमाची भाषा त्याच वळणाची असल्यानं त्याचा आधार आजही घेता येतो. हा निकाल मी छापून टेबलाच्या खणातच ठेवला आहे.

९. माझं देवळाजवळ लॉज आहे. परदेशी पाहुणा आला तर काय करायचं?

पासपोर्ट आणि व्हिसा बघा, त्यांच्या प्रती ठेवा आणि आल्यापासून २४ तासांच्या आत ई-एफआरआरओ या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर माहिती भरा. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सी फॉर्म’च आहे. हे पूर्वीही होतं, नवीन काही नाही. होम-स्टे, धर्मशाळा, हॉस्टेल आणि पाहुण्याला घरी उतरवून घेणाऱ्यांनाही ते लागू आहे. आपल्या जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणी अधिकाऱ्याचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडं असतं. पोर्टल अडलं तर तिथं विचारा.

नवरात्रात किंवा सुट्ट्यांत गर्दी असते म्हणून ‘उद्या भरू’ करू नका. आणि कटकट नको म्हणून परदेशी पाहुण्याला खोली नाकारू नका. कायदा माहिती द्यायला सांगतो, हाकलायला नव्हे. कोल्हापूरचं नाव पाहुणचारानं झालं आहे.

१०. मुलगा अमेरिकन नागरिक झालाय, ओसीआय कार्ड आहे. गणपतीला घरी येतो. त्यालाही हे सगळं लागू का?

कायद्याच्या नजरेत तो परदेशी नागरिक, हे आईवडिलांना ऐकायला जड जातं. पण ओसीआय हे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड. ते असलेल्याला आयुष्यभराचा व्हिसा असतो आणि कितीही दिवस राहिला तरी परदेशी नागरिक म्हणून वेगळी नोंदणी करावी लागत नाही. साध्या व्हिसावर आलेल्याचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल, तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. ओसीआय कार्ड आणि चालू पासपोर्ट दोन्ही सोबत ठेवा. लॉजवर किंवा हॉटेलवर कार्ड मागितलं तर दाखवावं, वाद घालू नये.

सूनबाई अमेरिकन आणि ओसीआय नसलेली असेल, तर तिच्या व्हिसाची मुदत वेगळी मोजा. नवऱ्याच्या कार्डावर तिला राहता येत नाही.

११. कॉलेज आणि दवाखान्यांवर काय जबाबदारी आली?

परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश दिला तर कॉलेजनं किंवा विद्यापीठानं, आणि रुग्णाला दाखल करून घ्यायची सोय असलेल्या दवाखान्यानं परदेशी माणसाची माहिती नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची. विद्यार्थ्यांसाठी अशी माहिती पूर्वीही जायची, आता ती कायद्याच्याच कलमात आली. ओपीडीत खोकल्याचं औषध घेणाऱ्यासाठी हे नाही.

डॉक्टरांनी एक भेद लक्षात ठेवावा : कळवायचं ते पेशंट परदेशी आहे आणि इथं राहिलाय, एवढं. उपचार थांबवा असं कायदा कुठंही म्हणत नाही. जगण्याचा हक्क देणारं संविधानाचं कलम २१ प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, फक्त नागरिकांसाठी नाही. कागद नाहीत म्हणून बाळंतीण दारातून परत गेली, तर ते या कायद्याच्या नावावर खपवता येणार नाही.

१२. शिक्षा किती आहे?

पासपोर्ट किंवा व्हिसाशिवाय देशात घुसलं तर ५ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरला किंवा पुरवला तर किमान २ ते कमाल ७ वर्षं कैद आणि १ ते १० लाख दंड. व्हिसाची मुदत ओलांडली किंवा अट मोडली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट कागदांची कमाल कैद पूर्वी ८ वर्षं होती, ती ७ झाली. दंड मात्र ५० हजारांवरून १० लाखांवर गेला. बनावट कागद विकणाऱ्या टोळीसाठी हा दंड योग्यच. पण दलालानं फसवलेल्या, उपाशीपोटी आलेल्या मजुरालाही तीच पट्टी लागते.

१३. व्हिसा संपत आलाय आणि पाहुणा आजारी पडलाय. आता?

मुदत संपायच्या आत पोर्टलवर वाढीचा अर्ज करा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मुदत उलटून गेली असेल तरी लपू नका. काही चुकांसाठी दंड भरून प्रकरण मिटवायची सोय कायद्यात आहे. ती आपणहून गेलेल्याला सहज मिळते.

१४. विमानतळावरून परत पाठवलं तर अपील कुठं करायचं?

या कायद्यात अपीलच नाही. राष्ट्राची सुरक्षा, परराष्ट्र संबंध, सार्वजनिक आरोग्य अशा कारणांवर प्रवेश नाकारता येतो आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम असतो. मला सगळ्यात जास्त खुपतं ते इथं. साध्या नळाच्या बिलावर दाद मागायची सोय असते. इथं शिकायला आलेल्या मुलीचं वर्ष किंवा नवऱ्या-बायकोची ताटातूट एका काउंटरवर ठरते, आणि वरचा अधिकारी एकदा फाईल बघेल एवढंही लिहिलेलं नाही.

उरतो तो संविधानाच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट अर्ज. ज्या विमानतळावर अडवलं तिथलं उच्च न्यायालय शक्यतो गाठावं लागतं. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावर आंतरराष्ट्रीय विमानं येत नाहीत, त्यामुळे अशी प्रकरणं मुंबई-दिल्लीलाच घडतात. पण जिल्ह्यात राहणाऱ्या परदेशी माणसावर इथंच कारवाई झाली, तर आता मुंबईची रात्रीची गाडी पकडायची गरज नाही. अनेक दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही त्याच्याच कक्षेत येतात.

१५. नेपाळी वॉचमन आणि थंडीत येणारे तिबेटी स्वेटरवाले यांचं काय?

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही. नेपाळशी १९५० चा मैत्री करार आहे. मात्र चीन, हाँगकाँग, मकाव किंवा पाकिस्तानमार्गे आलेल्याला ही सवलत नाही. तिबेटी लोकांकडं नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, त्यावर त्यांना राहता येतं. ९ जानेवारी २०१५ पर्यंत आश्रयाला आलेल्या आणि नोंदणी झालेल्या श्रीलंकन तमिळांनाही सूट आहे. या सगळ्या सवलती १ सप्टेंबर २०२५ च्या सूट-आदेशात आहेत.

१६. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याला पोलंडचे लोक ठेवले होते. आज तसे लोक आले तर हा कायदा काय करेल?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीनं विचारला, आणि इथल्या सगळ्या प्रश्नांत तो मला मोलाचा वाटतो.

१९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत फौजांनी त्यांना घरातून उचलून सायबेरियाकडं नेलं होतं. तिथून सुटल्यावर इराणमार्गे ती इथवर आली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ त्यांचाच. वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथं जाऊन फुलं वाहिली.

आज तशी बाई पोरांना घेऊन सीमेवर आली, तर या कायद्यात तिच्यासाठी वेगळा शब्दच नाही. ‘निर्वासित’ अशी व्याख्या त्यात नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही आणि देशात निर्वासितांचा कायदाही नाही. शशी थरूर यांनी २०२२ मध्ये लोकसभेत आश्रयाविषयी खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढं सरकलं नाही. त्यामुळे कागद नसलेली ती बाई आणि बनावट नोटा घेऊन शिरणारा माणूस एकाच व्याख्येत बसतात : बेकायदा आलेले परदेशी. सरकारला वाटलं तर सूट देता येते, आणि प्रश्न १५ मधल्यांना ती दिलीही आहे. पण सूट मागायचा तिला हक्क नाही, आणि ‘माझं ऐकून तरी घ्या’ म्हणायची जागा नाही. म्यानमारमधून पळालेला रोहिंग्या किंवा तालिबानच्या राज्यातून निसटलेली मुस्लिम शिक्षिका कुठल्याच सवलतीत बसत नाही.

यावर उत्तर येतं की वळिवड्यालाही कायद्यानं नव्हे, राज्यकर्त्यांच्या निर्णयानंच जागा मिळाली होती. खरं आहे. पण तेव्हाचा निर्णय चांगला निघाला म्हणून पुढचा प्रत्येक निर्णय चांगलाच निघेल, यावर कुणाचा जीव टांगून ठेवणं मला मान्य नाही. अर्ज कुणाकडं करायचा, तो किती दिवसांत ऐकायचा आणि तोवर त्या माणसाला परत ढकलायचं नाही, एवढ्या तीन ओळी कायद्यात आल्या तरी पुरे. त्यानं सीमा सैल होत नाही.

१७. आम्ही गांधीनगरचे सिंधी. आमचे काही नातेवाईक पाकिस्तानातून आलेत. त्यांना हा कायदा लागतो का?

पोलिश लोक गेल्यावर त्याच छावणीच्या जागी फाळणीत उखडलेली सिंधी कुटुंबं आली आणि कोल्हापूरजवळचं हे गांधीनगर उभं राहिलं. म्हणून हा प्रश्न वरच्याला लागूनच ठेवला.

पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत धार्मिक छळामुळे किंवा त्याच्या भीतीनं आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना पासपोर्ट-व्हिसा नसल्याबद्दल किंवा मुदत संपल्याबद्दल या कायद्याखाली शिक्षा होणार नाही. गल्लत इथंच होते. ही सूट शिक्षेपासूनची आहे, नागरिकत्वाची नाही. सीएएखाली नागरिकत्वासाठीची तारीख अजून ३१ डिसेंबर २०१४ हीच आहे. २०१९ ला आलेल्या काकांना तुरुंगात जावं लागणार नाही, पण सीएएखाली अर्जही करता येणार नाही. त्यांना दीर्घ मुदतीचा व्हिसा घेऊन राहावं लागेल आणि पुढं नेहमीच्या मार्गानं नागरिकत्व मागावं लागेल.

एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले होते. ते चालू आहेत, पण मुदत संपायच्या आधी वाढवून घ्यावे लागतात. व्हिसावरची तारीख आजच बघा. अर्जाची पोच, जुना पासपोर्ट आणि इथल्या नातेवाइकाच्या घरपट्टीची पावती एका पाकिटात ठेवा.